पिशवी फाटते कोठे?
(मांसप्रक्रियेत द्रव जमविणाऱ्या प्लॅस्टिक पिशवीच्या रचनेचा एक पाठ)

द्रव पदार्थ पिशवीत भरावा ही कल्पना आपल्या लोकांस नवी नाही. विहिरीवरची मोट, पाणक्याची पखाल आणि तेल-तुपाचा बुधला ही सर्व चामड्याचीच भांडी होती. त्यांतील मोटेची रचना तर आजच्या अभियंत्यानेही अभ्यासावी अशी आहे. तिचे तोंड लोखंडी कड्याने ताणून धरलेले असे आणि भरलेल्या मोटेचा भार त्या कड्यावरून जाड नाड्यावर जाई. खालची सोंड सोल नावाच्या बारीक दोराने वर ओढलेली असे. मोट थारोळ्यावर आली म्हणजे सोल सैल पडे आणि सारे पाणी आपोआप बाहेर येई. भार पेलणे, पाणी धरणे आणि भांडे रिकामे करणे ही तीन निराळी कामे आहेत, हे त्या अनाम कारागिरांना पक्के ठाऊक होते.

प्रस्तुत लेखात त्याच जातीच्या एका आधुनिक प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. मांसप्रक्रियेच्या कारखान्यात जनावराचे रक्त व तत्सम द्रव जमविण्यासाठी मजबूत प्लॅस्टिकची पिशवी कशी बनवावी, हा तो प्रश्न होय. आपल्या वाचकांपैकी कित्येक घरांत मांस वर्ज्य आहे, याची जाणीव ठेवूनच हा विषय निवडला आहे. कोणी काय खावे हा येथे प्रश्न नाही. जो धंदा चालू आहे तो स्वच्छतेने चालावा, त्यात राबणाऱ्या माणसाचा पाय घसरू नये आणि गावच्या नदीनाल्यात घाण जाऊ नये, हे शाकाहारी व मांसाहारी अशा दोघांच्याही हिताचे आहे. शिवाय या एका पिशवीच्या निमित्ताने जे नियम कळतात, ते दुधाच्या, तेलाच्या आणि रक्तपेढीतल्या पिशवीलाही तसेच लागू पडतात.

१. द्रव कोणते आणि ते का जमवावयाचे?

मांसप्रक्रियेत निघणाऱ्या द्रवांत रक्त हे मुख्य. शंभर किलोग्रॅम वजनाच्या डुकराचे सुमारे तीन लिटर, आणि शेळी-मेंढीचे साधारण एक लिटर रक्त हाती लागते. त्यात सुमारे ८० टक्के पाणी आणि १७ ते १८ टक्के प्रथिने असतात. म्हणजे प्रथिनांच्या बाबतीत ते जवळजवळ मांसाइतकेच संपन्न आहे. त्यातील पेशी वेगळ्या काढून उरणारा पिवळसर रस, ज्याला प्लाझ्मा म्हणतात, तो कित्येक देशांत सॉसेजसारख्या पदार्थांत मांस बांधून ठेवण्यासाठी वापरतात. खाण्यास न वापरता वाळवून पूड केली, तर तिच्यात नत्राचे प्रमाण सुमारे १२ टक्के असते आणि ती उत्तम खत होते.

हेच रक्त जमविले नाही तर काय होते? ते फरशीवरून गटारात जाते. सांडपाणी किती दूषित आहे हे मोजण्याची एक रीत अशी, की त्यातील घाण कुजताना पाण्यातला किती प्राणवायू खाऊन टाकते ते पाहावयाचे. घरगुती सांडपाण्याच्या एका लिटरला हा प्राणवायू साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम लागतो. रक्ताच्या एका लिटरला तो दीड लाख मिलिग्रॅमच्या वर लागतो. म्हणजे एक लिटर रक्त गटारात सोडणे हे पाचशे लिटर मैलापाणी सोडण्याहून अधिक वाईट आहे. नाल्यातील मासे मरतात ते विषाने मरतात असे नव्हे. बहुधा ते श्वास कोंडून मरतात.

२. बादली का नको, पिशवीच का?

उघड्या बादलीत रक्त धरण्याची रीत जुनी आहे. तिच्यात दोन दोष आहेत. कातडीवरची घाण व केस तिच्यात पडतात, आणि कोणत्या जनावराचे रक्त कोणत्या बादलीत गेले याचा हिशेब राहत नाही. खाण्यासाठी रक्त वापरावयाचे असेल तर दुसरा दोष अधिक गंभीर आहे. पशुवैद्य जनावराचे धड तपासून जोवर ते निरोगी ठरवीत नाही, तोवर त्याचे रक्तही निराळे ठेवावे लागते. धड नापास झाले तर त्याचे रक्तही टाकून द्यावयाचे. सारे रक्त एका टाकीत मिसळलेले असेल, तर एका रोगी जनावरापायी संपूर्ण टाकी ओतून द्यावी लागते.

म्हणून सुधारलेल्या कारखान्यांत पोकळ सुरीचा वापर होतो. सुरीच्या पोकळीतून रक्त नळीत येते आणि नळीतून बंद पात्रात. हे पात्र म्हणजे क्रमांक घातलेली पिशवी असेल, तर थोड्या जनावरांमागे एक पिशवी असा चोख हिशेब राहतो. रक्त काही मिनिटांतच गोठू लागते, म्हणून सोडियम सायट्रेटसारखे ते गोठू न देणारे द्रव्य पिशवीत आधीच मोजून घालता येते.

मऊ पिशवीचा आणखी एक गुण आहे, आणि तो ध्यानात आला माणसाच्या रक्ताच्या बाबतीत. दात्याचे रक्त पूर्वी काचेच्या बाटलीत घेत असत. बाटली फुटे, आणि ती रिकामी होण्यासाठी आत हवा सोडावी लागे, ती हवा रोग्याच्या शिरेत जाण्याचे भय असे. १९५० साली बॉस्टनचे शल्यविशारद डॉ. कार्ल वॉल्टर यांनी डॉ. विल्यम मर्फी (धाकटे) यांच्या साहाय्याने प्लॅस्टिकची रक्तपिशवी तयार केली. पिशवी रिकामी होताना स्वतःच मिटत जाते, तिला हवा लागत नाही. आपल्या देशात तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाळ संस्थेने १९८० च्या दशकात अशा पिशवीचे तंत्र विकसित केले. आपल्या संस्थांच्या रक्तदान शिबिरांत जी पिशवी आपण पाहतो, ती याच वंशातली. कारखान्यातील पिशवीलाही हाच लाभ मिळतो: ती सपाट मिटलेल्या स्थितीत लावली, की आत हवा नसते आणि बाहेरची हवा व जंतू आत येत नाहीत.

३. भार कोठे पडतो?

आता रचनेकडे वळू. पिशवी फाटली की सामान्य माणूस म्हणतो, ‘प्लॅस्टिक पातळ होते, जाड घ्या.’ बाजारातील हातपिशव्यांच्या जाडीवर सरकारने नियम केले आहेत. ३१ डिसेंबर २०२२ पासून ती १२० मायक्रॉनपेक्षा कमी नसावी असे ठरले. त्यामुळे ‘मायक्रॉन’ हा शब्द भाजीवाल्यालाही पाठ झाला आणि जाडी म्हणजेच मजबुती असा समज पसरला. तो नियम कचरा गोळा करणे सोपे व्हावे यासाठी आहे. पिशवी द्रव कसा धरते याच्याशी त्याचा संबंध थोडा. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, हे येथे सांगून ठेवतो.

दहा लिटरची एक पिशवी कल्पू. ती आकड्याला टांगलेली आहे. भरल्यावर तिचा आकार नळकांड्यासारखा झाला, त्रिज्या ९ सेंटिमीटर आणि उंची ४० सेंटिमीटर. रक्त पाण्याहून किंचित जड असते. एका घन सेंटिमीटरचे वजन सुमारे १.०५ ग्रॅम. म्हणून बुडाशी दर चौरस सेंटिमीटरवर ४० गुणिले १.०५, म्हणजे ४२ ग्रॅम दाब पडेल.

हा दाब पिशवीच्या भिंतीला बाहेर ढकलतो आणि भिंत घेराच्या दिशेने ताणली जाते. या ताणाचा हिशेब सोपा आहे: दाब गुणिले त्रिज्या. ४२ गुणिले ९ म्हणजे ३७८. अर्थात भिंतीवर एक सेंटिमीटर उंचीची पट्टी घेतली, तर ती दोन्हीकडून ३७८ ग्रॅमने ओढली जात आहे. आता उभ्या दिशेचा ताण पाहा. आतील रक्ताचे वजन सुमारे १०,६९० ग्रॅम. ते पिशवीच्या घेरावर, म्हणजे साधारण ५६.५ सेंटिमीटरवर वाटले जाते. भागाकार येतो १८९ ग्रॅम. म्हणजे बुडाशी घेराच्या दिशेचा ताण उभ्या ताणाच्या नेमका दुप्पट आहे. ही योगायोगाची गोष्ट नव्हे. अशा टांगलेल्या नळकांडी पिशवीत ती नेहमीच अशी असते. गरम पाण्यात जास्त शिजलेले सॉसेज आडवे न तुटता लांबीच्या दिशेने चिरते, त्याच्याही मुळाशी हाच दुपटीचा नियम आहे.

यातून रचनेचा पहिला नियम निघतो. पिशवीला उभा सांधा असेल, तर त्यावर आडव्या सांध्याच्या दुप्पट ताण पडतो. म्हणून उभा सांधा ठेवूच नये. प्लॅस्टिकची फिल्म करताना वितळलेले द्रव्य गोल फटीतून वर ओढून फुग्यासारखे फुगवितात. त्यामुळे मुळातच बिनसांध्याची नळी तयार होते. ही नळी कापून फक्त खालचे व वरचे टोक सांधले, तर सर्वांत जास्त ताण घेणारी जागा निर्दोष राहते.

दुसरा नियम त्रिज्येचा. पिशवीची रुंदी निम्मी केली की ताणही निम्मा होतो, प्लॅस्टिक एक मायक्रॉननेही न वाढवता. म्हणून एक मोठी ढोल पिशवी करण्यापेक्षा अरुंद पिशव्या अधिक कराव्या.

आणि जाडीचे काय? साध्या पॉलिथीनची १०० मायक्रॉन जाडीची, एक सेंटिमीटर रुंद पट्टी घेतली, तर साधारण एक किलोग्रॅम भाराला ती कायमची लांबू लागते. आपला ताण ३७८ ग्रॅम आहे. म्हणजे अडीचपट सोय दिसते. कागदावर हे पुरेसे वाटते. पण ही पिशवी एक मीटर उंचीवरून निसटली आणि फरशीवर आपटून पाच सेंटिमीटरांत थांबली, तर तो थांबविणारा जोर सरासरीने तिच्या वजनाच्या वीसपट असतो. द्रव दाबला जात नाही. तो सारा धक्का भिंतीवर व सांध्यावर जातो. अडीचपट सोय वीसपट धक्क्यापुढे टिकत नाही. केवळ जाडीने याला तोंड द्यावयाचे तर फिल्म सातआठपट जाड करावी लागेल. तेवढे जाड प्लॅस्टिक नीट मिटत नाही, नीट सांधले जात नाही आणि महागही पडते. यावरचा उपाय पुढे सहाव्या भागात पाहू.

४. सांधा : खरी दुखरी जागा

वाचकांनी घरी एक प्रयोग अवश्य करावा. दुधाची रिकामी पिशवी धुऊन घ्या व तिचे सांधे पाहा. वर एक, खाली एक, आणि पाठीवर लांबच्या लांब एक उभा सांधा असेल. यंत्रात सपाट फिल्मची नळी करून, ती सांधून, लगेच भरून बंद करतात, म्हणून हा उभा सांधा येतो. अर्ध्या लिटरच्या पिशवीत त्रिज्या व उंची दोन्ही लहान असल्याने तो चालून जातो. दहा लिटरला तो चालणार नाही.

आता खालचा आडवा सांधा दोन्ही हातांच्या चिमटीत धरून दोन पापुद्रे एकमेकांपासून सोलून काढण्याचा प्रयत्न करा. मग दुसऱ्या पिशवीचा सांधा सोलण्याऐवजी त्याच्या रेषेच्या दिशेने ओढून पाहा. सोलताना सारा जोर एका बारीक रेषेवर एकवटतो. ओढताना तो सगळ्या पट्टीवर पसरतो. बंद डब्याचे झाकण कडेला चमचा घालून उचकटणे सोपे आणि सरळ वर ओढणे कठीण, तसाच हा प्रकार. शक्य असेल तेथे फिल्मचे थर एकावर एक चढवून सांधावे, म्हणजे जोर ओढण्याचा येतो. जेथे सोलण्याचा जोर टाळता येत नाही तेथे सांध्याची पट्टी रुंद करावी, किंवा थोड्या अंतरावर दोन पट्ट्या द्याव्या. पहिली चुकून सुटली तरी दुसरी राखण करते.

सांधा करण्यात तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात: उष्णता, दाब आणि वेळ. साध्या पॉलिथीनला ११० ते १३० अंश सेल्सियसच्या आसपास सांधतात. उष्णता कमी पडली तर दोन थर नुसते चिकटतात, एकजीव होत नाहीत. ती जास्त झाली किंवा दाब अति दिला, तर वितळलेले प्लॅस्टिक पट्टीतून पिळून बाहेर जाते आणि पट्टीच्या आतल्या कडेला फिल्म पातळ पडते. पिशवी भरल्यावर नेमकी तेथेच फाटते. पाहणाऱ्याला वाटते फिल्म कमजोर, आणि तो पुढच्या खेपेला जाड फिल्म मागवितो. जाड फिल्मला सांधण्यास अधिक उष्णता द्यावी लागते, म्हणून कड आणखीच पिळली जाते. आपल्याकडे म्हण आहे, आजार रेड्याला आणि डाग पखालीला. दुखणे सांध्यात असता फिल्म जाड करणे हा त्यातलाच प्रकार होय.

कोपऱ्यांचेही असेच आहे. सपाट पिशवी भरली की खालचे दोन कोपरे कानासारखे बाहेर येतात, तेथे सुरकुत्या पडतात आणि ताण एका बिंदूवर गोळा होतो. कोपरा आतून गोलाईने किंवा तिरका सांधला, तर द्रव त्या टोकापर्यंत जातच नाही. बाजूला घडी घालून केलेल्या पिशवीत ज्या ठिकाणी चार थरांचे दोन थर होतात, तेथे गळतीची बारीक वाट राहण्याचा संभव असतो. ती जागा मुद्दाम तपासावी.

५. कोणते प्लॅस्टिक?

पॉलिथीनचा शोध १९३३ साली इंग्लंडमध्ये लागला. पाणी त्यातून सहसा जात नाही, ते सहज सांधते, आणि बर्फाच्या थंडीतही मऊ राहते. या तीन गुणांमुळे आपल्या पिशवीचा आतला थर पॉलिथीनचाच असावा. त्यातही ‘लिनियर’ नावाचा प्रकार अधिक चिवट असतो आणि त्याला सहसा भोक पडत नाही. साधे व लिनियर यांचे मिश्रण दुधाच्या पिशवीतही असते.

परंतु मांसाच्या कारखान्यात हाडाची टोके असतात, आकडे असतात, सुऱ्या असतात. त्यांच्या टोचणीला नायलॉनचा थर चांगला तोंड देतो. नायलॉन पाणी शोषून घेते व नीट सांधत नाही, म्हणून तो थर बाहेर किंवा मध्ये आणि पॉलिथीन आत, अशी जोडफिल्म करतात. तिचा एक तोटा असा, की दोन जातींचे प्लॅस्टिक एकत्र आल्याने वापरानंतर ते वितळवून पुन्हा उपयोगात आणणे अवघड होते. पिशवी क्रेटमध्ये ठेवून टोचणीपासून वाचविता येत असेल, तर एकाच जातीचे पॉलिथीन पुरते; मग नायलॉनचा मोह धरू नये.

रक्तपेढीची पिशवी पी.व्ही.सी.ची असते, म्हणून येथेही तेच घ्यावे असे कोणास वाटेल. ते योग्य नव्हे. पी.व्ही.सी. मऊ करण्यासाठी त्यात तेलासारखे द्रव्य मिसळलेले असते. ते चरबीत उतरते. माणसाच्या रक्तातही ते थोडे उतरते, पण तांबड्या पेशी टिकण्यास त्याची मदत होते असे आढळले आहे. मांसाच्या रसात व चरबीत ते उतरले तर मात्र ते अन्नात गेले. शिवाय थंडीत पी.व्ही.सी. ताठर होते.

अन्नासाठी वापरावयाच्या पॉलिथीनला भारतीय मानक १०१४६ लागू आहे. प्लॅस्टिकमधून अन्नात किती अंश उतरतो हे मोजण्याची रीत मानक ९८४५ मध्ये दिली आहे, आणि त्याची मर्यादा किलोग्रॅममागे ६० मिलिग्रॅम आहे. भंगारातून पुन्हा वितळविलेल्या साध्या प्लॅस्टिकची पिशवी कितीही स्वस्त मिळाली तरी खाण्याच्या द्रवाला लावू नये. खतासाठी रक्त जमवावयाचे असेल तर गोष्ट निराळी. परंतु तेव्हा पिशवीचा रंगच वेगळा ठेवावा, म्हणजे गल्लत होणार नाही.

६. तोंड, तोटी आणि क्रेट

पिशवीला द्रव जाण्याची वाट हवी. तोटी बसविताना ती पॉलिथीनचीच घ्यावी, कारण पॉलिथीन व पी.व्ही.सी. एकमेकांशी वितळून एकजीव होत नाहीत. तोटीची चकती रुंद असावी आणि नळीचे ओझे तोटीवर न पडता ती नळी गाडीच्या दांड्याला चिमट्याने धरलेली असावी. कामगार घाईत नळीला हिसका देणार, हे गृहीत धरूनच रचना करावी. भरल्यावर नळी दोन ठिकाणी आवळून मधोमध कापावी, म्हणजे एकही थेंब सांडत नाही आणि नळीत राहिलेला नमुना तपासणीस मिळतो.

आता धक्क्याचा प्रश्न. १९५५ साली अमेरिकेत विल्यम शोल यांनी बॅटरीचे आम्ल नेण्यासाठी पेटीतील पिशवी तयार केली. तिचे तत्त्व मोटेइतकेच साधे आहे: द्रव पिशवीने धरावा, भार पेटीने पेलावा. आपली दहा लिटरची पिशवी ४० सेंटिमीटर लांब, २५ रुंद आणि १० सेंटिमीटर खोल अशा क्रेटमध्ये आडवी ठेवली, तर द्रवाची खोली चाळीसवरून दहावर येते आणि बुडाशी दाब ४२ ग्रॅमवरून साडेदहा ग्रॅमवर. तोही क्रेटच्या तळावर व भिंतींवर जातो. क्रेटच्या भिंती अर्थात द्रवाहून दोन-तीन बोटे उंच हव्या.

येथे एक खुबी आहे. पिशवी क्रेटपेक्षा थोडी मोठी हवी. लहान असेल तर ती क्रेटच्या भिंतीला टेकण्याआधीच ताणली जाईल, सारा भार स्वतःवर घेईल आणि क्रेट नुसता प्रेक्षक राहील. मोठी पिशवी सैल राहून भिंतीला जाऊन टेकते. क्रेटच्या आत कंगोरे व धारा नसाव्या. क्रेट जमिनीलगतच्या ढकलगाडीवर ठेवावा, म्हणजे एक मीटर उंचीवरून पडण्याचा प्रसंगच येत नाही. पिशवीही काठोकाठ भरू नये. गोठवावयाची असेल तर विशेष जपावे; पाण्याचे बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्के वाढते, आणि त्या जोरापुढे कोणताच सांधा टिकत नाही.

७. परीक्षा

पिशवी चांगली आहे हे सांगून भागत नाही; ते पाहावे लागते. पुढील परीक्षा लहान कारखानदारालाही करता येतील.

(क) गळतीची परीक्षा : पाण्यात खाण्याचा रंग व साबणाचे काही थेंब घालून पिशवी भरावी व टिपकागदावर रात्रभर ठेवावी. साबणामुळे पाणी बारीक भोकातूनही वाट काढते, आणि कागदावर डाग दिसतो.

(ख) टांगण्याची परीक्षा : भरलेली पिशवी क्रेटशिवाय चोवीस तास टांगावी. प्लॅस्टिक लोखंडासारखे नाही. थोड्या पण सततच्या भाराखाली ते हळूहळू लांबत जाते. पाच मिनिटे टिकलेली पिशवी पाच तासांनी सुटू शकते.

(ग) पाडण्याची परीक्षा : भरलेली पिशवी ठरावीक उंचीवरून एकदा सपाट, एकदा बुडावर आणि एकदा कोपऱ्यावर पाडावी. हीच परीक्षा शीतपेटीत रात्रभर ठेवलेल्या पिशवीवरही करावी.

(घ) पट्टीची परीक्षा : सांध्यातून १५ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापून त्या ताणाव्या, आणि किती भाराला तुटल्या एवढेच न पाहता कशा तुटल्या हे पाहावे. थर सोलून अलग झाले, तर उष्णता किंवा वेळ कमी पडला. कडेला टचकन तुटली, तर उष्णता किंवा दाब अति झाला. सांधा शाबूत राहून शेजारची फिल्मच लांबत गेली, तर सांधा उत्तम. ही एक परीक्षा दहा तर्कांपेक्षा मोलाची आहे. ती रोज सकाळी, यंत्र सुरू करताना आणि फिल्मची गुंडाळी बदलताना करावी.

परीक्षेत फाटलेली पिशवी टाकून देऊ नये. फाटलेल्या जागेवर तारीख घालून ती खिळ्याला अडकवून ठेवावी. महिन्याभरात दहा पिशव्या एकाच जागी फाटलेल्या दिसल्या, की दुखणे कोठे आहे हे कोणासही विचारावे लागत नाही.

८. समारोप

बडोद्याच्या वाचकांना हा विषय परका वाटू नये. १९६९ साली स्थापन झालेल्या इंडियन पेट्रोकेमिकल्सच्या बडोद्याच्या कारखान्यात पॉलिथीन तयार होऊ लागले. पुढे २००७ साली ती कंपनी रिलायन्समध्ये विलीन झाली. आपल्या शहराच्या आसपास फिल्म ओढणारे व पिशव्या करणारे लहान-मोठे कारखाने आहेत, आणि आपल्या समाजातील तरुण त्यांत नोकरी करतात किंवा स्वतःचा उद्योग काढू पाहतात. त्यांच्याकडे मागणी येते ती बहुधा ‘इतक्या मायक्रॉनची पिशवी द्या’ अशा शब्दांत. त्यांनी गिऱ्हाइकाला उलट विचारावे: पिशवी टांगणार की ठेवणार? किती उंचीवरून पडू शकेल? थंडीत किती वेळ राहील? आत चरबी असेल का? रिकामी कशी करणार? आणि शेवटी तिची विल्हेवाट काय? या प्रश्नांची उत्तरे मिळाली, की जाडीचा आकडा आपोआप निघतो; आणि पुष्कळदा तो गिऱ्हाइकाने मागितलेल्या आकड्याहून कमीच असतो.

विल्हेवाटीचे एवढेच सांगतो, की रक्ताने माखलेली पिशवी धुतल्याशिवाय भंगारवाल्याकडे जाऊ नये, आणि धुतलेले पाणी कारखान्याच्या शुद्धीकरण टाकीतच जावे. नाही तर पिशवीने गटारापासून जे वाचविले, ते धुण्याच्या पाण्यातून पुन्हा गटारातच जावयाचे.

फाटलेल्या पिशवीची किंमत काही रुपये असते. तिच्यातून सांडलेल्या दहा लिटरांची किंमत निराळी आहे. ओल्या फरशीवर हातात सुरी घेऊन उभा असलेला कामगार घसरतो; क्रमांकाचा हिशेब चुकून चांगला माल वाईटाबरोबर फेकला जातो; आणि पाच हजार लिटर मैलापाण्याहून अधिक भार कोणा गावाच्या नाल्यावर पडतो. पिशवी करणारा या तिघांनाही कधी पाहत नाही. म्हणून त्याने सकाळी सांध्याची एक पट्टी ताणून पाहावी. त्या तिघांची काळजी वाहण्याची त्याच्या हाती असलेली संधी तेवढीच आहे, आणि ती पुरेशी आहे.